अकरा वाजेपर्यंत मळा, मग शाळा

आनंद यादव हे नाव आपल्या वयाच्या वाचकांपर्यंत तीन वाटांनी पोचलेलं असतं. पहिली वाट 'नटरंग'ची. 2010 चा तो सिनेमा आणि अजय-अतुलची गाणी सगळ्यांना माहीत असतात, पण तो यादवांच्या 1980 सालच्या कादंबरीवर बेतलाय हे श्रेयनामावलीत वाचून विसरलेलं असतं. दुसरी वाट 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाची. यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले, 'संतसूर्य तुकाराम' या त्यांच्या कादंबरीवरून वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, यादवांनी अध्यक्षपद सोडलं, कादंबरीही मागे घेतली. तिसरी वाट जरा विचित्र आहे. 'झोंबी' या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा एक तुकडा हिंदीत 'जूझ' या नावाने एनसीईआरटीच्या बारावीच्या 'वितान' या पुस्तकात आहे. म्हणजे कागलच्या मळ्यातलं हे पोरगं दिल्ली-लखनौच्या मुलांना परीक्षेपुरतं पाठ असतं आणि मराठी शाळांत शिकलेल्या आपल्याला बहुधा नसतं. यूट्यूबवर 'जूझ' असं टाकून बघा. सारांश, महत्त्वाचे प्रश्न, वडिलांचं स्वभावचित्र पाच गुणांसाठी, आणि शेवटी संघर्ष केला की यश मिळतंच हे तात्पर्य.

हे तात्पर्य 'झोंबी'वर अन्याय करणारं आहे, असं मला वाटतं. 'झोंबी' 1987 साली आली, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि तेव्हापासून ती गरीब मुलाची जिद्द या एकाच खणात ठेवली गेली. जिद्द तिच्यात आहेच. पण तिचा खरा विषय शेती आणि शाळा यांच्यातला सौदा आहे: कोणाला किती तास मिळणार आणि त्या बदल्यात काय जाणार. बुलढाणा जिल्ह्यातल्या, कोरडवाहू गावातून इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती त्यामुळेच अस्वस्थ करते. हा सौदा आमच्याही घरी झाला होता. फक्त अटी उलट्या होत्या. त्याबद्दल पुढे.

आधी मूळ सौदा बघू. काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा, गाव कोल्हापूरजवळचं कागल. आनंदाला वडिलांनी, म्हणजे दादांनी, शाळेतून काढून मळ्यात जुंपलंय. पोराला शिकायचंय. आईला ते कळतं, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. मग दोघं मायलेक रात्री गावातल्या वजनदार दत्ताजीरावांकडे जातात आणि सगळं सांगतात. दत्ताजीराव दादांना बोलावून घेतात, पोरगाही ठरल्याप्रमाणे मागोमाग पोचतो. दादांना झापलं जातं आणि त्यांना कबूल व्हावं लागतं. पण घरी आल्यावर दादा आपल्या अटी घालतात. सकाळी दिवस उगवायला मळ्यात हजर. अकरा वाजेपर्यंत काम. दप्तर सकाळीच बरोबर आणायचं आणि मळ्यातूनच थेट शाळेत जायचं. सुटल्यावर घरी दप्तर टाकून तासभर जनावरं चारायची. मळ्यात जादा काम निघालं की शाळा बुडवायची. पोरगं एकेका अटीला हो म्हणतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असले करारनामे वाचायची सवय असते: कामाचे तास, उपलब्धता, आणि तळाशी बारीक अक्षरात 'गरज पडल्यास'. हा प्रसंग वाचताना मला हसू आलं आणि लगेच ते गेलं, कारण करारावर सही करणारा बारा-तेरा वर्षांचा आहे आणि खूश आहे. यादव इथे रडारड करत नाहीत. आनंदाचा आनंद ते तसाच ठेवतात, आणि त्यामुळे तो प्रसंग जास्त बोचतो.

दादांबद्दल थोडं थांबायला हवं, कारण परीक्षेच्या उत्तरांत त्यांचा सरळ खलनायक होतो. माणूस प्रेमळ नाही. स्वतः गावभर हिंडतो, रखमाबाईकडे जातो, आणि ते मोकळं हिंडणं पोरगा मळ्यात राबतो म्हणूनच जमतं. आईला हे स्पष्ट दिसतं. पण यादव त्यांना डोकंही देतात. आपलं गुऱ्हाळ ते गावात सगळ्यांच्या आधी लावतात. बाकीचे शेतकरी ऊस रानात आणखी पिकू देतात, म्हणजे गूळ चांगला उतरतो. दादांचा हिशेब वेगळा: बाजारात गूळ कमी असताना आपला गेला तर भाव बरा मिळतो. हे गणित चूक नाही. सोयाबीन काढल्याबरोबर खळ्यावरूनच विकायचं की थांबायचं, या प्रश्नावर आमच्याकडे दर दिवाळीला घराघरांत भांडणं होतात. दोन्ही बाजूंना मुद्दे असतात आणि बहुतेक वेळा भाव दोघांनाही फसवतो. दादांच्या हिशेबात पोरगा हा फुकटचा गडी आहे. तो शाळेत गेला तर त्याच्या जागी पैसे मोजून माणूस लावावा लागेल. कादंबरी हे कुठे समजावून सांगत नाही, पण गुऱ्हाळ, पाणी, जनावरं यांच्या तपशिलातून ते आपसूक उभं राहतं. बापाचा दुष्टपणा आणि शेतीचा तोटा यांची गाठ कुठे पडते हे तिथे सुटं करून दाखवता येत नाही, आणि यादव तसा प्रयत्नही करत नाहीत.

शाळेत गेल्यावर काय होतं? पहिला दिवस अपमानाचा. ओळखीची मुलं पुढच्या वर्गात गेलेली, हा पुन्हा पाचवीत, आपल्याहून लहान पोरांमध्ये, धोतर नेसलेला. पोरं टिंगल करतात. मग वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा दिसतो, त्याच्यासारखं वह्या-पुस्तकं नीट ठेवणं सुरू होतं, गणित सुधारतं. इथवर सगळं ठरलेल्या वाटेने चाललंय असं वाटतं. आणि मग सौंदलगेकर मास्तर येतात.

मराठीचे हे मास्तर कविता चालीवर म्हणतात, म्हणताना त्यात रंगून जातात, आपण भेटलेल्या कवींच्या आठवणी सांगतात आणि स्वतःही कविता करतात. त्यांच्या दारावर मालतीचा वेल आहे आणि त्यांनी त्या वेलावर कविता केलीय. आनंदाने तो वेलही पाहिलाय आणि ती कविताही. एवढ्याने त्याच्या डोक्यात काहीतरी उलगडतं: कवी हा कुठल्या दुसऱ्या लोकातला प्राणी नाही, रोज दिसणाऱ्या माणसाने रोज दिसणाऱ्या वेलावर लिहिलेलं म्हणजे कविता. मग मळा, पिकं, रानफुलं, सगळंच लिहिण्याजोगं होतं. कागद नसला तर काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहायच्या, खड्याने दगडावर लिहायच्या, पाठ झाल्या की पुसून टाकायच्या.

या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हैस नाही, एकटेपणा आहे. उसाला पाणी पाजताना किंवा जनावरं राखताना पूर्वी त्याला एकटं वाटायचं. कोणीतरी सोबतीला हवं असायचं. कविता आल्यावर उलटं होतं. आता कोणी नसलेलंच बरं वाटतं, कारण मोठ्याने म्हणता येतं, हातवारे करता येतात, नाचताही येतं. शिक्षणाने मुलाला काय मिळतं याची मराठीतली इतकी नेमकी नोंद मी दुसरीकडे वाचलेली नाही. त्याला मार्क मिळाले, नोकरी मिळाली, हे नंतरचं. आधी त्याला स्वतःची सोबत मिळाली. पण त्याच क्षणी तो मळ्यातल्या बाकीच्या माणसांपासून दूर जायला लागला. रानात सोबतीची गरज न उरलेला माणूस रानात किती दिवस टिकेल?

इथेच माझी 'झोंबी'बद्दलची तक्रार सुरू होते. पुस्तक लांबलंय. मार, काम, उपास, पुन्हा मार असं चक्र काही ठिकाणी इतक्यांदा फिरतं की वाचणारा बधिर होतो. आयुष्यात ते तितक्यांदा फिरलं असेल हे कबूल, पण वाचकाच्या बोटांत स्क्रोल असतो. त्याहून मोठी अडचण भाषेची आहे. माणसं बोलतात तेव्हा कागलची बोली जिवंत असते, एकेका शिवीत आणि म्हणीत घर दिसतं. निवेदन मात्र प्रमाण मराठीत आहे आणि मधूनमधून ते विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं होतं. पोराला भूक लागते आणि प्राध्यापक त्या भुकेचा अर्थ सांगतात. काही पानांवर मला वाटलं, सर, जरा बाजूला व्हा, पोरगं काय म्हणतंय ते ऐकू द्या.

पण नंतर 'गोतावळा' वाचली आणि तक्रार गुंतागुंतीची झाली. ही यादवांची 1971 ची कादंबरी. ती सगळी बोलीत आहे, निवेदनासकट. सांगणारा नारबा हा मळ्यातला गडी. बैलं, म्हशी, कुत्री, झाडं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि हा गोतावळा मोडत जातो. नारबाच्या भाषेत एकही प्राध्यापक नाही. कलाकृती म्हणून मी 'गोतावळा' वरच ठेवीन. मात्र नारबा ती लिहू शकला नसता. मळ्यात राहिलेल्याजवळ भाषा आहे आणि पुस्तक नाही. पुस्तक ज्याच्याजवळ आहे तो मळा सोडून गेलाय आणि जाताना त्याला भाषा बदलावी लागलीय. 'झोंबी'तली दोन मराठींमधली फट ही त्या सौद्याची किंमत आहे. यादवांनी तिच्यावर फारसं भाष्य केलेलं नाही, पण पुस्तकाच्या प्रत्येक पानावर ती दिसते.

हा सौदा नेहमी असाच सुटतो का? तुलनेसाठी दूरचं एक पुस्तक घेतो. नॉर्वेच्या ब्योर्नस्टियर्न ब्योर्नसनची 1860 सालची छोटी कादंबरी, 'एन ग्लाद गुत'. अर्थ: आनंदी मुलगा. (आमच्या आनंदाला हे नाव कोणी दिलं नसतं.) ब्योर्नसनला 1903 चं नोबेल मिळालं, नॉर्वेचं राष्ट्रगीतही त्याचंच. जुना इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, दोन संध्याकाळींत होतो. नायक ओयविन हा कुळाचा मुलगा: मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीवर झोपडं आणि तुकडाभर रान, बदल्यात राबणं. सुरुवातीलाच मारित नावाची मोठ्या घरातली मुलगी त्याला लोण्याचा केक देऊन त्याची शेळी घेते. तोही एक सौदा, आणि तो लगेच पस्तावतो. पुढे त्याला कळतं की आपण कुळाचे आणि ती जमीनदाराची नात. एक शहाणे, दुःख सोसलेले गुरुजी आहेत. चर्चच्या परीक्षेत पहिला नंबर यावा म्हणून मुलगा जिवाचं रान करतो, आणि गुरुजी त्याला विचार करायला लावतात की हा नंबर हवाय तो शिकण्यासाठी की मिरवण्यासाठी.

मुलगा, गुरुजी, अभ्यास, वरच्या थराचं घर, सगळं ओळखीचं आहे. पण ओयविन शिकून कुठे जातो? शेतीशाळेत. आणि परत येतो. आपल्याच भागातल्या जमिनी सुधारायला, नव्या पद्धती शिकवायला. म्हातारा जमीनदार शेवटी नरमतो आणि लग्न होतं. शाळेने मुलाला शेतापासून तोडलं नाही, उलट अधिक चांगला शेतकरी करून परत पाठवलं. वाचताना छान वाटतं, आणि थोडा संशयही येतो. ब्योर्नसन स्वतः पाद्र्याचा मुलगा. कुळाच्या झोपडीकडे तो बाहेरून, मायेने बघतो. शिवाय नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता, 1905 पर्यंत राहिला. आपण वेगळे आहोत हे सांगायला त्या देशाच्या लेखकांना आपला शेतकरी हवा होता, निरोगी आणि हसरा. ओयविनला परत आणणं ही कथेइतकीच त्या काळाचीही गरज होती. यादवांना असं कोणाला परत आणायचं नव्हतं. 'झोंबी'नंतर 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' असे आत्मचरित्राचे पुढचे भाग आले. ती वाट कागलहून बाहेर जाते आणि पुण्यात स्थिरावते.

म्हणजे एक मुलगा शिकून परत आला, एक शिकून निघून गेला. तिसरी शक्यता माझ्या जिल्ह्यात लिहिली गेली. सदानंद देशमुख चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांची 'बारोमास' 2002 साली आली, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती बालपणाची कादंबरी नाही, पण बालपणाच्या कादंबऱ्या जिथे संपतात तिथून ती सुरू होते. एकनाथ एमए, बीएड आहे. 'झोंबी'तल्या आनंदाला जे हवं होतं ते सगळं त्याला मिळालंय: शाळा, पदवी, पुस्तकं. मास्तरची नोकरी मात्र नाही, कारण तिच्यासाठी संस्थाचालकाला द्यायला लागणारं डोनेशन कोरडवाहू शेतीतून निघत नाही. मग तो वावरात परततो. ओयविनसारखं शिकलेलं ज्ञान घेऊन नाही. दार बंद झालं म्हणून. बायको अलका नोकरीवाल्या नवऱ्याची स्वप्नं घेऊन आलेली. बाप सुभानराव मातीत रुतलेला. शिक्षणाने एकनाथला शेती करायला निकामी केलंय आणि दुसरं काही करायला वाट दिलेली नाही. भाषेचंही तेच. त्याला वऱ्हाडी येते, पुस्तकी येते, आणि दोन्हींत तो थोडा उपरा.

'झोंबी' आणि 'बारोमास' एकामागून एक वाचा, असं मी मित्रांना सांगतो. पहिलीत शाळा हे बाहेर पडायचं दार आहे. दुसरीत कळतं की त्या दाराला मध्ये कोणीतरी टोलनाका बसवलाय. सौंदलगेकरांच्या जागेसाठी आता पैसे मोजावे लागतात, आणि पैसे मोजून आलेला मास्तर मालतीच्या वेलावर कविता करेल याची खात्री नाही.

आता आमच्या घरचा सौदा. आम्ही घाटावरचे, मेहकर तालुक्यातले. कापूस गेला, सोयाबीन आलं, तूर मध्ये पट्ट्यात. माझी पिढी 'बारोमास'नंतर मोठी झाली, आणि गावाने तिच्यातला धडा घेतलेला होता, कादंबरी न वाचताच. मास्तरकी नको, इंजिनिअरिंग. आणि वावर तर मुळीच नको. सुट्टीच्या दिवशी डवऱ्यामागे चालायची हौस म्हणून गेलो तर बाप बांधावरूनच ओरडायचा, "इथं काय ठुलंय? घरी जाय, पुस्तक घे." आनंदाला शाळेसाठी अकरा वाजायची वाट बघावी लागली; मला वावरात उभं राहायला तेवढाही वेळ मंजूर नव्हता. दादांनी पोराचा हात शेतीत अडकवला, आमच्या बापांनी आपल्या हातांनी तो सोडवून घेतला आणि फीसाठी कर्ज काढलं. दोन्हीकडे बाप हिशेबच करत होता, आणि दोन्ही हिशेब शेतीच्या भावावरून निघाले होते. म्हणून दादांना पाच गुणांच्या उत्तरात क्रूर ठरवून मोकळं होणं मला जमत नाही.

या सौद्यात आमचं काय गेलं हे सांगताना गहिवरायची गरज नाही. पगार मिळतो, पुण्यातली खोली बरी आहे. पण यादवांना मळा सोडतानाही मळा पुरता माहीत होता. तो त्यांनी हजारो पानांत आयुष्यभर पुरवला. आमच्याकडे तो साठाच नाही. मला पावसाचं मॉडेल कसं चालतं ते सांगता येईल, पण कोणत्या ओलीवर पेरायचं हे माझा शाळा सोडलेला चुलतभाऊ पायाने माती दाबून सांगतो. त्याला तीन वर्षं मुलगी बघतायत, शेती करतो म्हटल्यावर बोलणं तिथेच थांबतं. अलकाच्या नाराजीतून देशमुखांनी हे फार आधी ओळखलं होतं.

त्यामुळे आमच्या पिढीतून ग्रामीण बालपणाची कादंबरी आली तर ती कशी असेल, याचं मला कुतूहल आहे. तिच्यातला मुलगा शेतात राबणारा नसेल, शेतापासून लपवून ठेवलेला असेल. क्लासच्या होस्टेलवर, फोनवर आईला पाऊस आला का विचारणारा. आणि ती लिहील कोण, मी की चुलतभाऊ? मी लिहिली तर निवेदनात आयटीतला माणूस घुसेल, जसा यादवांच्यात प्राध्यापक घुसला. तो मात्र रात्री मोटर चालू करायला वावरात जातो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतो. लोडशेडिंग, रानडुकरं, कोणाच्या लग्नात काय झालं, सगळं वऱ्हाडीत, न थांबता. एकट्याने बोलायची त्याला लाज वाटत नाही. ते मेसेज मी हल्ली डिलीट करत नाही.